जुलाबाला सुई नको, पाणी पाजा

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात गॅस्ट्रोची साथ, इतके रुग्ण ग्रामीण रुग्णालयात दाखल, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना. गाव बदलते, आकडा बदलतो, बातमी तीच. ‘गॅस्ट्रो’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. मूळचे नाव गॅस्ट्रोएन्टरायटिस. अर्थ एवढाच की जठर आणि आतडे यांना आलेली सूज. हा काही एक रोग नव्हे. डझनभर वेगवेगळे जंतू तो घडवून आणतात आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आपल्या आजी-आजोबांच्या काळी त्यातल्या सर्वांत भयंकर प्रकाराला पटकी किंवा वाखा म्हणत. गावोगावच्या वेशीवर मरीआईचे देऊळ असते, त्यामागे हीच धास्ती होती.

ती धास्ती गेली हे चांगले झाले. पण तिच्या जागी एक हट्ट येऊन बसला आहे. रुग्ण दवाखान्यात आला की नातेवाईक सांगतात, ‘‘डॉक्टर, एक सलाईन लावून टाका आणि चांगली कडक सुई द्या, म्हणजे उद्या कामावर जाता येईल.’’ आज या हट्टाविरुद्ध लिहायचे आहे. काही वाचकांना ते रुचणार नाही, आणि माझ्या काही व्यवसायबंधूंना तर मुळीच नाही.

आधी जंतूंची ओळख करून घेऊ. पोट बिघडले की आपण काय खाल्ले ते आठवू लागतो, पण किती वेळापूर्वी खाल्ले हा प्रश्न जास्त कामाचा असतो. लग्नात बासुंदी किंवा पनीर खाल्ले आणि एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा संशय घ्यावा. वाढप्याच्या किंवा आचाऱ्याच्या बोटावरच्या फोडातून, नाकातून तो पदार्थात उतरतो आणि उबेत वाढताना विष तयार करून ठेवतो. हे विष उकळूनही जात नाही. म्हणून ‘पुन्हा गरम केले होते’ हे समाधान फोल आहे. सकाळचा भात संध्याकाळपर्यंत पातेल्यात तसाच राहिला, त्याला फोडणी दिली आणि खाल्ला, की बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू अशीच करामत करतो. मोठ्या देगीत शिजवलेले मटण किंवा रस्सा रात्रभर हळूहळू निवत राहिला तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे फावते. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब. हे तिन्ही प्रकार बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप आटोपतात. यांवर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, कारण त्रास जंतूंपेक्षा त्यांनी आधीच केलेल्या विषाचा असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात एकादशीचा प्रसाद खाऊन दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. (उपवासाच्या भगरीतून होणाऱ्या विषबाधेत पुष्कळदा बुरशीच्या विषावर बोट ठेवले जाते, ती जिवाणूंपेक्षा निराळी गोष्ट, आणि तिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.)

दुसरी टोळी पोटात शिरून मग त्रास देते. तिला एक ते तीन दिवस लागतात, कधी अधिक. साल्मोनेला हा कच्च्या-अर्धकच्च्या अंड्यांतून आणि कोंबडीतून येतो. कॅम्पिलोबॅक्टरही कोंबडीतून आणि दूषित पाण्यातून येतो. ई. कोलाय हा खरे तर आपल्या सर्वांच्या आतड्यात सुखाने नांदणारा जिवाणू, पण त्याच्या काही जाती विषारी असतात. शिगेला हा सर्वांत चिवट. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी रोग होऊ शकतो. म्हणजे हात न धुतलेल्या एका माणसाने भाकरी मोडून दिली तरी पुरे. शौचातून रक्त व शेंब, ताप, मुरडा ही त्याची खूण. आपल्याकडे रक्ती आव दिसली की ‘अमिबा झाला’ असे निदान घरीच होते आणि मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सुरू होतात. लहान मुलांत मात्र अशा आवेचे कारण बहुतेक वेळा शिगेला असते, आणि त्यावर त्या गोळीचा परिणाम होत नाही.

आणि मग कॉलरा. शौच तांदळाच्या धुवणासारखे, दुर्गंधी नाही, पोटात फारशी कळ नाही, आणि तासागणिक लिटरभर पाणी बाहेर. सकाळी चालता-बोलता माणूस संध्याकाळी जातो. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात हा जंतू वेगळा करून दाखवला. पण तो माणसाला नेमका मारतो कसा, हे पुढे पाऊणशे वर्षे कोडेच होते. ते कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सोडवले. जंतू रक्तात शिरत नाही, आतडे कुरतडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्याच्या भिंतीतला पाण्याचा नळ जणू उघडाच राहतो. शरीरातले पाणी आणि मीठ आतड्यात ओतले जाते. रुग्ण दगावतो तो कोरडा पडून.

इथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी. बाहेर ओतणारा नळ बिघडला तरी आत घेणारे एक दार शाबूत राहते. त्या दाराला दोन किल्ल्या लागतात, मीठ आणि ग्लुकोज. दोन्ही एकत्र आले की दार उघडते आणि त्यांच्यामागून पाणीही रक्तात जाते. नुसते पाणी प्यायले तर ते पुरेसे शोषले जात नाही. नुसती साखर दिली तरी नाही. अतिगोड पाणी दिले तर उलट आतड्यात आणखी पाणी ओढले जाते. जलसंजीवनी, म्हणजेच ओ.आर.एस., एवढ्या साध्या तत्त्वावर उभी आहे.

तिची परीक्षा झाली ती १९७१ साली. बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपात कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते कपाने पाजायला सांगितले. आधी शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारच्या आत आले. डॉ. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये निवर्तले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. एवढ्या मोठ्या कामाचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळक असायला हवे होते, असे मला वाटते.

असे असून आपली काय स्थिती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच ओ.आर.एस. मिळाले, आणि झिंक तर ३१ टक्क्यांच्या आसपास. जगात दर वर्षी पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले जुलाबाने मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध आहे, स्वस्त आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. मला तर वाटते, फुकट मिळते हाच त्याचा दोष ठरला आहे. पुडी दिली की रुग्णाला वाटते डॉक्टरने काही केलेच नाही. बाटली टांगली की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. डॉक्टरलाही ते सोयीचे असते, हे आम्ही मान्य करायला हवे.

सलाईन वाईट नव्हे. रुग्ण ग्लानीत असेल, नाडी लागत नसेल, प्यायलेला प्रत्येक घोट उलटून पडत असेल, तर शिरेतूनच पाणी द्यावे लागते आणि तेही झपाट्याने. पण त्यासाठी रिंगर लॅक्टेटची बाटली हवी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी जी ‘ग्लुकोजची बाटली’ चढवली जाते तिच्यात मीठ नसतेच. अशक्तपणासाठी म्हणून एक बाटली आणि तिच्यात पिवळे व्हिटॅमिनचे इंजेक्शन, हा निव्वळ देखावा आहे. चालत आलेल्या, तोंडाने पिऊ शकणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही.

पुडीबद्दलही सावध राहावे लागते. औषधाच्या दुकानात ओ.आर.एस. मागितले की गेली कित्येक वर्षे हातात फळांच्या चवीचे गोड पेय पडत असे, खोक्यावर ‘ओ.आर.एस.’ ही अक्षरे ठसठशीत. आत साखर कित्येक पटींनी जास्त आणि मीठ नाममात्र. जुलाब झालेल्या मुलाला ते देणे म्हणजे आगीत तेल. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे झगडा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरायला मनाई केली. तरीही दुकानातून घेताना पाकीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असे आहे: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे आकडे पाकिटावर दिसले तर ते खरे. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायची. थोडी थोडी पेल्यात टाकून देणाऱ्या आया मी रोज पाहतो. त्याने मिठाचे प्रमाण चुकते आणि ते धोक्याचे असते.

पुडी मिळेपर्यंत घरचे पाणी चालते. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. चव घेऊन पाहा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. भाताची पेज मीठ घालून, पातळ ताक, डाळीचे पाणी हेही चांगले. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे अर्धा ते एक कप, त्याहून मोठ्याला एक ते दोन कप. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबायचे आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू. अंगावरचे दूध तोडायचे नाही. ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची चाल आजही घरोघरी आहे. तिने मूल आणखी खंगते. मेळघाटासारख्या भागात कुपोषण आणि जुलाब हे एकमेकांचा हात धरून चालतात, ते असेच. सोबत झिंकची गोळी १४ दिवस: सहा महिन्यांपुढील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या, म्हणजे पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता घटते.

आता ‘कडक सुई’कडे वळू. लहान मुलांच्या जुलाबात जिवाणूंपेक्षा विषाणूंचा वाटा मोठा असतो. त्यातल्या रोटा विषाणूवरची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली असून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती फुकट मिळते. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. जिवाणूंच्या जुलाबातही ते मोजक्याच ठिकाणी लागते. कॉलऱ्यात डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनची एक मात्रा दिली की आजाराचा काळ आणि जाणारे पाणी दोन्ही कमी होतात. शिगेलाच्या रक्ती आवेत ते द्यावे लागते. अगदी तान्ही बाळे, म्हातारी माणसे, प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण, आणि विदर्भ-नंदुरबारकडे आढळणारे सिकलसेलचे रुग्ण यांना साल्मोनेला झाला तर तो रक्तात उतरून हाडांपर्यंत पोचू शकतो, म्हणून तिथेही. बाकीच्या निरोगी माणसाच्या साध्या साल्मोनेलात औषध दिल्याने तो लवकर बरा होत नाही, उलट जंतू शौचातून जास्त दिवस जात राहतो.

आणि एके ठिकाणी तर ते घातक ठरू शकते. ई. कोलायची एक जात आणि शिगेलाची एक जात असे विष बनवते की ज्याने रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडे बंद पडतात. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या कडधान्यांतून अशी साथ पसरली. पुढे माग काढता काढता तपास मेथीच्या दाण्यांपर्यंत जाऊन पोचला. पावणेचार हजारांहून अधिक लोक आजारी पडले, आठशेहून अधिकांची मूत्रपिंडे धोक्यात आली आणि पन्नासहून अधिक दगावले. ई. कोलायच्या या प्रकारात काही अँटिबायोटिकांनी विष जास्त सुटण्याची भीती असते. जुलाब ‘बांधणारी’ लोपेरामाइडची गोळी तर हे विष आतच कोंडून ठेवते. म्हणून रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर ती गोळी मोठ्यांनीही घेऊ नये, आणि लहान मुलांना कधीच नको. रक्ती जुलाबानंतर आठवडाभराने मूल पांढरेफटक दिसू लागले, लघवी कमी झाली, तोंडावर सूज आली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

तरीही दुकानदार काउंटरवरून नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल अशा जोडगोळ्या देत असतो, आणि आपण दोन दिवस घेऊन सोडून देतो. याची किंमत दिसू लागली आहे. शिगेलावर एके काळी सिप्रोफ्लॉक्सासिन हुकमी चाले. आता आपल्या देशातील पुष्कळ शिगेला त्याला दाद देत नाहीत. शिवाय अँटिबायोटिकने आतड्यातले उपकारक जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा वेगळाच पाहुणा येऊन नवे जुलाब सुरू करू शकतो. काहींचे पोट तर जंतू गेल्यावरही महिनोन् महिने कुरकुरत राहते, काहींचे गुडघे-घोटे सुजतात.

जुलाबाची साखळी कुठवर जाऊ शकते हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्याने पाहिले. सिंहगड रस्त्याच्या परिसरात लोकांचे हातपाय लुळे पडू लागले. गुलियन-बॅरे सिंड्रोम हे अनोळखी नाव घराघरांत पोचले. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले, कित्येकांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, काही दगावले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. या जंतूच्या आवरणाचा काही भाग आपल्या मज्जातंतूंसारखा दिसतो, आणि जंतूवर सोडलेले शरीराचे सैनिक चुकून आपल्याच नसांवर चालून जातात. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एकाला हे होते, त्यामुळे प्रत्येक जुलाबाला घाबरू नये. मात्र जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन जिना चढणे जड वाटू लागले तर थांबू नये. यावरचे उपचार आहेत, पण महागडे. आणि एक घरगुती सूचना: कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर, कोशिंबिरीवर जातात. नीट शिजवली की पुरे.

पुण्यात संशयाची सुई पाण्याकडे वळली, आणि आपल्याकडे ती दर वर्षी वळते. साथ आली की ‘पाणी उकळून प्या, हात धुवा’ असे पत्रक निघते. सल्ला बरोबर आहे. पण सगळा भार घरातल्या बाईच्या चुलीवर टाकून पालिका मोकळी होते, हे मला पटत नाही. आपल्याकडे नळ दिवसाआड, कुठे चार दिवसांआड येतो. मधल्या काळात रिकाम्या पाइपमध्ये पोकळी होते आणि गटारातून गेलेल्या गळक्या जोडातून घाण आत ओढली जाते. त्यात आपणही नळाला थेट मोटार लावतो, म्हणजे ओढ आणखी वाढते. शेजाऱ्याचे पाणी तर पळवतोच, वर गटारही आपल्या हंड्यात आणतो. सुरुवातीची पाच मिनिटे गढूळ येणारे पाणी म्हणजे नेमके हेच. बर्फाचीही तीच गोष्ट. २०१८ साली राज्यात अखाद्य बर्फ निळा करण्याचा आदेश निघाला होता. सरबताच्या गाडीवर कोणी निळा बर्फ पाहिला असेल तर मला जरूर कळवावे!

पालिकेने आणि ग्रामपंचायतीने काय करायचे, हे काही गुपित नाही. साधारण हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे टी.सी.एल., आणि मग एक तास थांबणे. पावडर ताजी हवी. तोंड उघडे टाकलेल्या पोत्यातला क्लोरीन दमट हवेत उडून जातो आणि विहिरीत पडतो तो नुसता चुना. पाणी शुद्ध झाले की नाही हे शेवटच्या घरच्या नळावर ओ.टी. चाचणी करून कळते. नळीत थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, म्हणजे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे. टाकीखालच्या नळावर चाचणी करून नोंद भरण्यात अर्थ नाही, कारण घाण त्याच्या पुढे शिरते. गावात जलसुरक्षक असतो आणि त्याच्याकडे या चाचण्यांची वही असते. ग्रामसभेत ती पाहायला मागा, कोणत्या गल्लीतल्या नळावरची नोंद आहे ते विचारा, आणि जमल्यास त्याला आपल्या घरच्या नळावर चाचणी करून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.